एक माणूस कमी

मोठा भूकंप झाला तर आपल्या विभागातल्या प्रत्येक इमारतीने काय करायचं, याचं आठ पानी पत्रक वॉर्ड ऑफिसने घरोघर वाटलं. लोकांनी ते कपाटात अंथरलं, डब्यांखाली घातलं, आणि पहिल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. आता टेबल हलू नये म्हणून केलेली ही सोय भूकंपाच्या विषयाला धरूनच होती, म्हणून त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. धाकट्यांनी मात्र ते पत्रक वाचलं. लाल पेन्सिल हातात घेऊन वाचलं, आणि जिथे व्याकरण चुकलं होतं तिथे दुरुस्तही केलं.

धाकटे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर सात नंबरात राहणारे गृहस्थ. पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या भांडारात एक नट कमी भरला नव्हता की एक वायसर जास्त. जास्त भरलेलं त्यांना कमी भरलेल्यापेक्षा वाईट वाटायचं. कमी भरलं तर चोरी झाली म्हणता येतं, जास्त भरलं तर मोजणाऱ्याचीच अक्कल निघते, असं ते म्हणत. घरातल्या काड्यापेट्यांवरसुद्धा उघडल्याची तारीख असे.

सगळी इमारत त्यांना धाकटे म्हणे, कारण शेजारी सात-अ मध्ये थोरले राहत. दोघे सख्खे भाऊ. पूर्वी सात नंबर एकच होतं. वडील गेल्यावर मधे अर्ध्या विटेची भिंत आली, आणि भिंतीचं प्लास्टर वाळायच्या आत बोलणं बंद झालं. त्याला आता अकरा वर्षं झाली. भांडण कशावरून झालं हे सांगत बसलो तर भूकंप राहील बाजूला. एवढंच सांगतो की त्यात एक खिडकी होती आणि ती थोरल्यांकडे गेली. आई धाकट्यांकडे राहिली. जिन्यात समोरासमोर आले की एक भाऊ कठड्याकडे बघे आणि दुसरा मनगटावरच्या घड्याळाकडे. धाकट्यांच्या घरात ‘त्या घराचा’ विषय काढायचा नाही असा नियम होता, आणि बायकोला तो पटत नसला तरी ती पाळत होती.

पत्रकाप्रमाणे प्रत्येक इमारतीने एक मोजणीप्रमुख नेमायचा होता. धक्के थांबल्यावर सगळ्यांनी लिफ्ट सोडून जिन्याने उतरायचं, मागच्या मैदानात जमायचं, आणि मोजणीप्रमुखाने माणसं मोजून आकडा सांगायचा. एक जरी माणूस कमी भरलं तरी बचाव पथक ते शोधायला इमारतीत शिरणार. पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी अकरा वाजता याचा सराव होणार होता. वीस मिनिटांत बरोबर आकडा देणाऱ्या इमारतीच्या दारावर वॉर्ड ऑफिस ‘सज्ज इमारत’ अशी पितळी पाटी लावणार होतं.

“मोजणीप्रमुख तुम्हीच व्हा,” सोसायटीचे सेक्रेटरी सभेत म्हणाले. सभेला सहा माणसं होती आणि त्यातली चार चहासाठी आली होती. “तुमच्याएवढं मोजणारं आहे कोण इथे?”

धाकट्यांनी आधी नको म्हटलं, कारण असं लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही. मग घरी येऊन नवी वही काढली आणि तिला खाकी कव्हर घातलं.

पण पत्रकातल्या नवव्या कलमाने त्यांची झोप उडवली. कलम एका ओळीचं होतं. ‘अंथरुणाला खिळलेल्या वा चालता न येणाऱ्या व्यक्तींना हलवण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.’ आईला एक्क्याऐंशी पूर्ण झाली होती. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, तिने उंबरा ओलांडला नव्हता. पलंग ते खुर्ची आणि खुर्ची ते पलंग. धाकट्यांनी डोळे मिटून विचार केला. इमारत हलते आहे, सगळे जिन्याने धावताहेत, आपण मैदानात वही घेऊन उभे आहोत आणि आई वर आहे. त्या कलमाखाली त्यांनी तीन वेळा रेघ मारली.

सल्ल्यांची काही कमतरता नव्हती. वरच्या मजल्यावर भूगोलाचे निवृत्त मास्तर राहत. ते म्हणाले, “खरा मोठा भूकंप आला तर जिना राहील का, हा मूळ प्रश्न आहे.” आणि मूळ प्रश्न विचारून ते वर निघून गेले. सेक्रेटरी म्हणाले, चादरीत गुंडाळून आणा, माझ्या सासऱ्यांना तसंच आणलं होतं. सासऱ्यांचं पुढे काय झालं हे धाकट्यांनी विचारलं नाही. बायको म्हणाली, “अहो, तळमजल्यावर कोणाशी खोली बदलून घ्या ना.” हा सल्ला सगळ्यांत शहाणपणाचा होता, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

धाकट्यांनी ठरवलं, खुर्ची करून घ्यायची. दोन्ही बाजूंना दांडे, पुढे एक माणूस, मागे एक. जिन्याची रुंदी त्यांनी स्वतः मिलिमीटरपर्यंत मोजली आणि कागदावर लिहून सुताराला दिली.

सुताराने जुन्या दाराची चौकट वापरून खुर्ची बनवली. ती आईपेक्षा जड झाली.

“भूकंप झाला तरी मोडायची नाही,” सुतार अभिमानाने म्हणाला.

“ती नाही मोडायची हो. आम्ही मोडू,” धाकटे म्हणाले.

पहिल्या चाचणीला आईला बसवायचं नाही एवढा शहाणपणा त्यांनी दाखवला. भूगोल मास्तर वजनाला बसले. धाकटे मागे, सेक्रेटरी पुढे. दहा पायऱ्या उत्तम गेल्या. मग दुसऱ्या मजल्याचं वळण आलं आणि खुर्ची अडकली. जिन्याची रुंदी मोजली होती, वळण मोजायचं राहिलं होतं. अठ्ठावीस वर्षं ज्याने फुटपट्टी खाली ठेवली नाही त्या माणसाकडून ही चूक व्हावी! दांडे दोन्ही भिंतींत रुतले. मास्तर आकाशाकडे तोंड करून बसले होते, त्यांना पुढेही उतरता येईना आणि मागेही. वीस मिनिटं इमारतीची ये-जा बंद झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घेऊन मास्तरांच्या पायाखालून गेल्या.

नेमके तेव्हाच थोरले बाहेरून आले. खालच्या पायरीवर उभे राहून त्यांनी वर बघितलं. खुर्ची, मास्तर, घामाघूम झालेला भाऊ. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. ते परत खाली गेले आणि फाटकापाशी उभे राहिले, रस्ता मोकळा होईपर्यंत. हसले असते तर परवडलं असतं, असं धाकट्यांना वाटलं. रात्री जेवताना त्यांनी दोनदा विनाकारण मीठ मागितलं.

दांडे कापले, त्याजागी पट्टे लावले. तर खुर्ची ठेवायची कुठे हा प्रश्न आला. घरात जागा नाही, आणि जिन्याच्या चौकात सामान ठेवायला बंदी. त्यासाठी वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. धाकटे अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचून विचारलं, “चालता येत नाही याचा दाखला?”

“डॉक्टरांचा जोडलाय.”

“तो झाला डॉक्टरांचा. अर्जदार व्यक्तीने इथे समक्ष येऊन सही करायची असते.”

“अहो, पण त्यांना चालता येत नाही म्हणूनच तर अर्ज आहे!”

“ते मला मान्य आहे,” कारकून सौम्यपणे म्हणाला. “पण ते त्यांनी येऊन सांगायला हवं.”

दुसरा कोणी असता तर टेबलावर हात आपटला असता. धाकटे स्वतः सरकारी माणूस. त्यांनी मनातल्या मनात नियम तपासला आणि कारकून नियमाप्रमाणे बरोबर आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ते मुकाट्याने घरी आले आणि खुर्ची न्हाणीघरात ठेवली. त्या दिवसापासून घरातले सगळे खुर्चीवर बसूनच आंघोळ करू लागले, कारण दुसरीकडे उभं राहायला जागाच उरली नाही.

राहिली माणसांची यादी. प्रत्येक घराने आपल्या माणसांची नावं, वय आणि शेरा लिहून चिठ्ठी द्यायची होती. पण धाकट्यांच्या हातात चिठ्ठी द्यायला लोक तयार होईनात. कोणाकडे न सांगितलेला भाडेकरू, कोणाच्या बायकोचं वय तीन वर्षांनी कमी. शेवटी तोड निघाली. चिठ्ठी बंद पाकिटात सेक्रेटरींकडे द्यायची, पाकिटावर फक्त आकडा लिहायचा, आणि पाकीट फोडायचं ते माणूस हरवलं तरच. धाकट्यांना नुसते आकडे मिळाले. त्यांच्या घराचे तीन, ते, बायको आणि आई. सात-अ चा आकडासुद्धा तीन होता.

“ते, त्या आणि मुलगी,” धाकटे वहीत लिहिताना पुटपुटले. पुतणी हा शब्दही त्यांनी टाळला.

“अहो, पण ती मुलगी तर...” बायकोने तोंड उघडलं.

“त्या घराचा विषय नको.”

बायकोने तोंड मिटलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. एकूण बेरीज एकसष्ट आली. धाकट्यांनी ती खालून वर आणि वरून खाली अशी दोनदा तपासली.

सरावाच्या आदल्या आठवड्यात आईचं शिक्षण सुरू झालं. जिला पटकन हलता येत नाही तिने धक्के बसताना पलंगावरच राहायचं आणि डोक्यावर उशी धरायची, असं पत्रकात होतं.

“आई, भोंगा वाजला की उशी डोक्यावर घ्यायची!” धाकटे ओरडून सांगत.

“कोण मारणार आहे का मला?”

“भूकंप आहे, आई!”

“केव्हा?”

“रविवारी. अकरा वाजता.”

“मग शनिवारीच जाऊ या की कुठेतरी,” आई म्हणाली.

धाकट्यांनी कपाळावर हात मारला. सराव म्हणजे काय, हे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं. आईने ऐकून घेतलं. मग विचारलं, “सगळे उतरणार खाली?”

“सगळे.”

“शेजारचेसुद्धा?”

धाकट्यांनी पत्रकाची घडी घातली. “नियम सगळ्यांना सारखा आहे,” ते म्हणाले.

त्यावर आईने उशी उचलून डोक्यावर धरून दाखवली. एकदा नाही, तीनदा. तोवर तिने कोणतीच गोष्ट इतक्या निमूटपणे केली नव्हती. पोरगी शिकते आहे अशा कौतुकाने धाकटे तिच्याकडे बघत राहिले. आपल्या शिकवण्याला यश आलं, असंच त्यांना वाटलं.

रविवार उजाडला. आई पहाटेच उठून केस विंचरून तयार. भोंगा चार मिनिटं उशिरा वाजला, ती वेळ धाकट्यांनी वहीत टिपून ठेवली. नवराबायको टेबलाखाली शिरले. टेबल लहान होतं, त्यामुळे मोजणीप्रमुखांचा मागचा भाग सबंध धरणीकंपभर उघड्यावर राहिला. भोंगा थांबला. बायकोने गॅस बंद केला. मास्तर वरून आले, आईला खुर्चीत बसवून पट्टे आवळले, आणि वरात निघाली.

“सावकाश रे,” आई म्हणाली. “भूकंप होऊन गेलाय ना आता? मग घाई कसली?”

पहिलं वळण पार पडलं. दुसऱ्यावर काकूंनी चपलांचं कपाट बाहेर काढून ठेवलं होतं. का, तर भूकंपात घरातल्या कपाटाला धक्का लागू नये म्हणून. खुर्ची कपाटाला अडली, कपाट पडलं, सोळा जोड चपला जिन्यावरून घरंगळत गेल्या आणि मागून येणारी माणसं त्यात आपापले पाय शोधू लागली. मैदानात पोचेपर्यंत नऊ मिनिटं गेली. मास्तरांना धाप लागली होती. धाकट्यांच्या शर्टाची दोन बटणं तुटली होती. आई खुर्चीत ताठ बसून मान वळवून वळवून माणसं बघत होती. दोन वर्षांनी उन्हात आली होती, डोळे बारीक झाले होते.

वॉर्ड ऑफिसच्या अधिकारी बाई हातात स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या. मागे हेल्मेट घातलेले पथकाचे चौघे. धाकट्यांनी माणसांना मजल्यांप्रमाणे रांगेत लावलं आणि मोजलं.

साठ.

पुन्हा मोजलं. साठ.

“स्वतःला धरलंत का?” मास्तरांनी विचारलं.

धाकट्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मास्तर खुर्चीमागे सरकले. स्वतःला धरून साठ! तिसऱ्यांदाही साठच आले.

“एक माणूस कमी,” बाईंनी मोठ्याने म्हटलं आणि शिट्टी वाजवली. पथकाचे चौघे दोर घेऊन इमारतीत शिरले.

सराव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी जो तो आपल्या माणसाचा हात चाचपून बघू लागला. आजवर मोजताना कमी पडले ते नट पडले, वायसर पडले. माणूस कमी पडतं म्हणजे काय, हे धाकट्यांना आत्ता कळत होतं. कोणीतरी वर आहे. खरा भूकंप असता तर ते माणूस आत्ता विटांखाली असतं, आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं. त्यांना खरोखरच भीती वाटली.

“पाकिटं फोडा,” बाई म्हणाल्या.

सेक्रेटरी एकेक चिठ्ठी वाचू लागले आणि लोक ‘हजर’ म्हणू लागले. न सांगितलेला भाडेकरू हजर निघाला. कमी वयाच्या काकूही हजर होत्या. सात नंबर, तिघेही हजर. मग सात-अ. थोरले, हजर. त्यांची बायको, हजर. आणि सेक्रेटरी थांबले.

“वाचा ना,” बाई म्हणाल्या. “वेळ चाललाय.”

“मुलगी असेल,” धाकटे म्हणाले.

“मुलगी दोन महिन्यांपूर्वीच नोकरीला परगावी गेलीये,” बायको मागून हळूच बोलली. “तेच सांगत होते.”

सेक्रेटरींनी घसा साफ केला. “आई,” त्यांनी वाचलं. “वय एक्क्याऐंशी.”

कोणी ‘हजर’ म्हटलं नाही. थोरले पायांखालच्या गवताकडे बघत होते. अख्ख्या इमारतीने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग धाकट्यांकडे, मग खुर्चीकडे.

“शेरा लिहिलाय इथे,” सेक्रेटरी म्हणाले. पण तो त्यांनी वाचला नाही. चिठ्ठी धाकट्यांच्या हातात दिली.

दादाचं अक्षर धाकट्यांनी अकरा वर्षांनी बघितलं. तेच, उजवीकडे कललेलं. लिहिलं होतं : ‘भावाकडे असते. पलंग आतल्या खोलीत, भिंतीला लागून आहे. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून हाक मारावी. ढिगारा उपसायला आधी तिथे लागावं. आमच्याकडे नंतर.’

धाकट्यांनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. हा माणूस अकरा वर्षांत आपल्या घरात आला नाही. पलंग कुठे आहे हे याला कसं कळलं? मग त्यांच्या लक्षात आलं, भिंत अर्ध्या विटेची आहे, आईचा खोकला पलीकडे जात असणार. आणि डावा कान? तो दादाला भिंत येण्याआधीपासूनच ठाऊक असणार, आपल्या मात्र कधी लक्षातच आलं नाही. आपण दोन वर्षं तिच्या डाव्या बाजूला उभे राहून ओरडतोय. ती हट्टी झालीये असं आपण सगळ्यांना सांगतोय. त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं की वही कुठे धरावी हे कळेना.

“एकाच व्यक्तीचं नाव दोन घरांत आलंय,” अधिकारी बाई समजुतीने म्हणाल्या. “तसं चालत नाही, नाहीतर पथकाचं अर्धं बळ नको तिथे खर्ची पडतं. एक नाव खोडा, आकडा साठ करा. चाळीस सेकंद आहेत अजून, पाटी मिळेल तुम्हाला.”

धाकट्यांनी पेन उघडलं.

“माझ्याकडचं खोड,” थोरले म्हणाले. मान वर न करता म्हणाले. “राहते ती तुझ्याकडेच.”

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. आणि ते हिशेबाला अगदी बरोबर होतं. धाकट्यांना दुसरं काय हवं होतं? चिठ्ठीवर एक रेघ मारायची, की बेरीज जुळली, वही जुळली, दारावर पितळी पाटी. त्यांनी पेन टेकवलं. टेकवलेलं तसंच राहिलं. चिठ्ठीवर शाईचा ठिपका मोठा होत गेला.

“वीस सेकंद,” बाई म्हणाल्या.

“राहू दे, दादा,” धाकटे म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हेल्मेट घातलेलं एक डोकं बाहेर आलं. “इथे कोणीच नाहीये हो!” ते ओरडलं. बाईंनी स्टॉपवॉच दाबलं, कागदावर ‘एक बेपत्ता, अनुत्तीर्ण’ असं लिहिलं आणि सहीसाठी पुढे केलं. धाकट्यांनी सही केली. इमारतीतले काही जण पाटी गेली म्हणून कुरकुरले. मास्तरांनी त्यांना गप्प केलं.

एवढा वेळ आई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. आता तिला राहवेना. “काय रे,” तिने विचारलं, “कोण हरवलंय?”

थोरले पुढे आले. खुर्चीच्या उजव्या अंगाला गेले आणि वाकले.

“तूच हरवली होतीस, आई.”

“मी? मी तर मघापासून इथे बसलेय.”

“हो,” थोरले म्हणाले. “सापडलीस.”

आईने हात वर करून त्यांच्या गालाला लावला, केसांवरून फिरवला. केस पार पांढरे झाले होते. “वाळलास रे किती,” ती म्हणाली. मग दुसरा हात पुढे करून तिने धाकट्यांची तुटक्या बटणांची बाही धरली आणि त्यांनाही जवळ ओढलं.

“झालं ना सगळं? मग चला आता घरी.”

कुठल्या घरी ते ती बोलली नाही. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.